आधी तपास, मग पाना : जुन्या गाड्यांविषयी वाचकांची पत्रे आणि त्यांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे दहा ते अठरा वर्षे वापरलेल्या घरगुती गाड्यांविषयी आहेत. पत्रलेखकांची आणि गाड्यांच्या कंपन्यांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण ज्या बिघाडांची चर्चा पुढे केली आहे ते कोणा एका कंपनीचे दोष नसून वयाचे आणि वापराचे आहेत. काही पत्रे जागेअभावी संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : आमची २००९ सालची पेट्रोल गाडी एक लाख बारा हजार किलोमीटर चालली आहे. कोल्हापुरात फिरताना तापमानाचा काटा जागचा हलत नाही. मात्र रत्नागिरीहून परतताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढू लागलो, की निम्म्या घाटातच काटा वर जातो आणि गाडी बाजूला घ्यावी लागते. पहिल्या गॅरेजने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला, दुसऱ्याने रेडिएटर नवा बसवला, आता तिसरे गॅरेज हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडावे लागेल असे म्हणते. दर पंधरा दिवसांनी रेडिएटरमध्ये अर्धा लिटर पाणी घालावे लागते, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. काय करावे?
(एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती आपण अगदी शेवटी, जाता जाता दिली आहे. गाडी पाणी खाते आणि ते पाणी जमिनीवर पडत नाही. मग ते जाते कोठे, याचा शोध पहिल्याच गॅरेजमध्ये लागायला हवा होता. तो न घेता तिघांनी तीन सुटे भाग सुचवले आणि त्यांपैकी एका नव्या रेडिएटरचे पैसे आपण देऊनही बसलात.

पाणी न दिसता नाहीसे होण्याच्या वाटा फार नाहीत. वॉटर पंपाच्या सीलमधून झिरपलेले पाणी गरम इंजिनावरच वाळून जाते आणि मागे पांढरट किंवा हिरवट खपली ठेवते. ती बॅटरीच्या उजेडात पंपाखाली पाहावी. हीटरची आतली जाळी गळत असेल तर पुढच्या सीटखालील गालिचा ओलसर लागतो आणि काचेवर चिकट धुके धरते. रेडिएटरचे झाकण दाब धरत नसेल तर घाटात उकळलेले पाणी जादा पाण्याच्या बाटलीतून बाहेर फेकले जाते. यांपैकी काहीच आढळले नाही, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरून वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडत आहे असा संशय घ्यावा लागतो.

यांतील झाकणाकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. कोल्हापूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. बहुतेक लहान गाड्यांच्या झाकणावर ०.९ असा आकडा छापलेला असतो. म्हणजे ते झाकण हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण ०.९ पट जादा दाब आत धरून ठेवते आणि त्यामुळे साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक होऊन दाब निसटू लागला, की ही वीस अंशांची सवलत हातची जाते. शहरातल्या हलक्या कामात ते जाणवत नाही, पण भरलेली गाडी दुसऱ्या गियरमध्ये चढ चढू लागली की लगेच जाणवते. झाकण दोन-तीनशे रुपयांत मिळते, तेव्हा सुरुवात तेथून करावी.

गाडी केव्हा तापते यावरूनही पुष्कळ कळते. सिग्नलला उभी असताना तापत असेल तर पंखा, त्याचा रिले किंवा स्विच पाहावा. महामार्गावर कागलच्या पुढे वेग धरल्यावर तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा पंप पाणी पुरेसे फिरवत नाही, असे समजावे. आपली गाडी शहरात तापत नाही, यावरून पंखा ठीक असावा. तरीही तो नुसता सुरू होतो एवढ्यावर न थांबता पूर्ण वेगाने फिरतो का, हे पाहून घ्यावे. केवळ चढावर, इंजिनावर पूर्ण भार असतानाच तापणारी आणि शिवाय पाणी खाणारी गाडी हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेड आणि त्याखालचा ब्लॉक यांच्यामधील पातळ पट्टीकडे, बोट दाखवते, कारण भार वाढला की सिलिंडरमधील जळका वायू गॅस्केटच्या बारीक फटीतून पाण्याच्या वाटेत घुसतो आणि पाण्याला बाहेर ढकलतो.

तरीही संशय म्हणजे पुरावा नव्हे. हेड उघडण्यापूर्वी दोन चाचण्या आग्रहाने करून घ्याव्यात. सकाळी थंड इंजिनाचे झाकण काढून पाणी काठोकाठ भरावे, गाडी सुरू करावी आणि बुडबुडे पाहावेत. आत अडकलेली हवा दोन-चार मिनिटांत निघून जाते, परंतु बुडबुडे थांबतच नसतील तर तो जळका वायू आहे. याची खात्री निळ्या रंगाच्या एका द्रावाने करता येते. रेडिएटरच्या तोंडावरील वायू त्यातून ओढला असता तो पिवळा झाला, तर प्रश्न मिटला. दुसरी चाचणी हातपंपाची आहे. सगळे स्पार्क प्लग काढून, झाकणावर छापलेल्या दाबाइतका दाब पाण्याच्या वाटेत भरून गाडी अर्धा तास ठेवावी आणि मग सेल्फ मारावा. ज्या सिलिंडरमध्ये पाणी उतरले असेल तेथील भोकातून फवारा उडतो. या दोन्ही चाचण्यांना मिळून तासाभराचे काम आहे.

हेड उघडायचेच ठरले तर केवळ गॅस्केट बदलून देणाऱ्या मेकॅनिकला काम देऊ नये. हेड ॲल्युमिनियमचे असते, तर आपल्या गाडीच्या काळातील पुष्कळ गाड्यांचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, म्हणून वारंवार तापलेल्या गाडीचे हेड वाकलेले असण्याची शक्यता मोठी असते. सरळ पट्टी आडवी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) फट मोजावी, ०.०५ मिलिमीटरच्या वर फट असेल तर बहुतेक लहान इंजिनांत फेसिंग, म्हणजे हेडचा तळ यंत्रावर घासून सपाट करणे, भाग असते. ज्या शहराच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून इंजिनांचे ओतकाम बाहेर जाते आणि ज्याच्या उद्यमनगरात हेड फेसिंगची सोय हाकेच्या अंतरावर आहे, त्या शहरात कोणी वाकडे हेड नव्या गॅस्केटवर बसवून द्यावे हे मला पटत नाही. फेसिंगबरोबर हेडला तडा गेला आहे का याचीही तपासणी करून घ्यावी. बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानेच आवळले पाहिजेत. ताणले जाणारे बोल्ट असतील तर ते नवेच घ्यावे लागतात.

आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. तो काढला की गाडी थंड राहते, हा आपल्याकडचा जुना समज आहे. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेले की तो उघडतो. उघडल्यावर त्याचा अडथळा फारसा उरत नाही, त्यामुळे घाटात त्याच्या नसण्याने फायदा होत नाही. तोटा मात्र रोजचा होतो : इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, तोपर्यंत गाडीचा संगणक जास्त पेट्रोल देत राहतो आणि पावसाळ्यात तर ते थंडच चालते. काम झाल्यावर बोअरचे पाणी न घालता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात भरावे.

तोपर्यंत घाटात काटा चढलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, सुरक्षित जागा पाहून थांबावे, आणि झाकणाला किमान पाऊण तास हात लावू नये. लालबुंद तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्याने हेडला तडे गेलेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत. गाडी आठवड्यातून फार तर दोनदा, भाजीसाठी आणि अंबाबाईच्या दर्शनासाठी निघते. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या, तरी चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता टक् असा आवाज करतो. वायरमन अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र) बदला म्हणतो. मीटर लावून दाखवा असे म्हटले तर त्याला राग येतो.
(एक वाचक, ताराबाई पार्क)

उत्तर : रागाचे नंतर पाहू. काही शे रुपयांचा मल्टिमीटर स्वतःच विकत आणा. या वयाच्या गाडीला तो स्टेपनीइतकाच आवश्यक आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली आणि १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी सुरू केल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान गेला, तर अल्टरनेटर आपले भरण्याचे काम करीत आहे आणि एवढ्यासाठी तो बदलण्याचे कारण उरत नाही.

चार दिवस हा आपण दिलेला आकडा बोलका आहे. गाडी बंद असताना घड्याळ, संगणकाची स्मृती वगैरेंसाठी बॅटरीतून ५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह जाणे चालते. समजा, तो ३०० मिलिअँपिअर असेल, तर दिवसाला सात अँपिअर-तासांहून अधिक खर्च होतो आणि पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत इतकी रिकामी होते की सेल्फ फिरणे शक्यच नसते. अशा गाडीला तिसरी बॅटरी घातली तरी तीही याच वाटेने जाईल.

हा प्रवाह मोजण्यासाठी बॅटरीची ऋण केबल सोडून, मीटर दहा अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून, केबल आणि टोक यांच्यामध्ये जोडावा. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडे ठेवून त्याची कडी स्क्रू ड्रायव्हरने आत दाबून टाकावी, म्हणजे गाडीला दार बंद असल्याचे वाटते आणि फ्यूजपेटीपर्यंत हात पोहोचतो. अर्धा तास थांबावे, कारण काही उपकरणे उशिरा झोपतात. मग एकेक फ्यूज काढत जावे. जो काढताच आकडा खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न मात्र कदापि करू नये, मीटर जळेल. माझ्या अनुभवात हा चोर बहुधा मागाहून बसवलेली म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक किंवा डिकीतला न विझणारा दिवा निघतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा खाली आला नाही, तर अल्टरनेटरची जाड तार सोडून पाहावी. त्यातील डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका असेल तर अल्टरनेटर गाडी चालू असताना बॅटरी भरतो आणि उभी असताना ती रिकामी करतो. तसे निघाले तर वायरमनचे म्हणणे खरे ठरेल आणि आपण ते मोठ्या मनाने मान्य करावे.

बॅटरी भरलेली असतानाही टक् आवाज येत असेल, तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहावी. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा स्वच्छ धातू यांच्यामधील व्होल्ट मोजावेत. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर जोड गंजला आहे. टोकांवरील पांढरी-हिरवी खपली कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी निघते.

आता वायरमनच्या रागाविषयी. आपल्याकडे गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे देते, बसवण्याची मजुरी देते, पण तासभर मीटर लावून बिघाड शोधणाऱ्याला ‘नुसते पाहिलेत, त्याचे काय पैसे?’ असे विचारते. ज्या कामाला मोबदला नाही ते काम कोणीही टाळणारच, आणि मग अंदाजाने भाग बदलणे हाच धंदा होऊन बसतो. पुढच्या वेळी गाडी लावतानाच ‘तपासाची मजुरी वेगळी देतो, भाग बदलायचा की नाही ते नंतर ठरवू’ असे सांगून पाहा. निम्मा राग तेथेच उतरेल. पहिल्या पत्रातील शिक्षकांनाही माझे हेच सांगणे आहे.

आणखी एक : आठवड्यातून दोनदा तीन-चार किलोमीटर जाण्याने सेल्फने खर्च केलेली वीजसुद्धा नीट भरून येत नाही. पंधरवड्यातून एकदा पन्हाळ्यापर्यंत जाऊन यावे. बॅटरीलाही बरे आणि आपल्यालाही.

प्रश्न : ऊसवाहतुकीने खराब झालेल्या रस्त्यावर पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड येते. गॅरेजने दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलायला सांगितले आहे.
(एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : लहान खड्ड्यांतून सावकाश जाताना हलकी खडखड येत असेल, तर प्रथम स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या) लिंक रॉड आणि बुश पाहावेत, ते स्वस्त असतात आणि तेच आधी जातात. स्टिअरिंग फिरवताना धप् असा आवाज येत असेल तर शॉकअब्सॉर्बरचे वरचे माउंटिंग, आणि पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कटकट होत असेल तर एक्सलचा जॉइंट. शॉकअब्सॉर्बर गेल्याची खूण आवाजाहून अधिक तेलाच्या ओघळात आणि खड्ड्यानंतर गाडी झुलत राहण्यात दिसते. चाक उचलून लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटमध्ये पहार घालून हलवून पाहायला सांगा; तो सैल असेल तर उद्यावर ढकलू नका, कारण तो निसटला तर चाक वळते आणि गाडी हातची जाते.

प्रश्न : गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरताना शेवटच्या काही वळणांवर ब्रेकचे पेडल एकाएकी तळाला गेले. हँडब्रेकवर कशीबशी गाडी थांबवली. अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत झाले. गॅरेजमध्ये काहीही दोष सापडला नाही.
(एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : गॅरेजमध्ये दोष सापडणार नव्हताच, कारण गाडी थंड झाली होती. आपण वर्णन केलेली लक्षणे ब्रेक ऑइल उकळण्याची आहेत. हे तेल हवेतील ओल शोषून घेते आणि आपल्या भागातल्या पावसाळ्यात ती भरपूर असते. डॉट ३ प्रकारचे नवे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा मानदंड आहे. ओल मुरलेल्या त्याच तेलासाठी तो आकडा १४० वर येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटभर ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास चाकाजवळचे तेल तेवढे तापते, त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल तळाला जाते. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा तेल होते आणि सारे काही घडलेच नव्हते असे दिसते.

तेल शेवटचे केव्हा बदलले हे आपण लिहिलेले नाही. बहुतेक गाड्यांत ते कधीच बदललेले नसते, केवळ वरून भरलेले असते. चारही चाकांकडून जुने तेल पूर्ण काढून सीलबंद डब्यातील नवे घाला आणि पुढे दर दोन वर्षांनी बदला. त्याच वेळी कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना मोकळ्या आहेत का, हे पाहून घ्यावे. एखादी अडकली असेल तर पॅड सतत घासत राहतो आणि ते चाक विनाकारण तापते. सपाट रस्त्यावर, ब्रेक फार न वापरता दहा किलोमीटर जाऊन चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न टेकवता धरला, तर कोणते चाक वेगळे आहे ते कळते. याखेरीज गाडी उभी असताना पेडल एकसारखे दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली बसत असेल, तर मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबल्यावर तेलावर दाब देणाऱ्या भागाचे, रबर गेले आहे; हा बिघाड वेगळा असून तो थंड गाडीतही सापडतो.

घाट ज्या गियरने चढला असता त्याच गियरने उतरावा, हा ट्रकचालकांचा नियम लहान गाडीलाही लागू आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतरणारे काही जण अजून भेटतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मदत करणारी निर्वात पेटी दोन-तीन दाबांतच संपते आणि पेडल दगडासारखे होते.

प्रश्न : आमची २००७ सालची गाडी पूर्वीपेक्षा कमी मायलेज देते, आणि महिनाभर उभी राहिल्यावर सुरू व्हायला त्रास देते. सगळेजण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला दोष देतात. ते खरे आहे का?
(एक ऊस उत्पादक वाचक, कागल)

उत्तर : ऊस उत्पादकानेच हे विचारावे याची मौज वाटली. दोष इथेनॉलचा आहे, पण लोक म्हणतात तितका नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून वीस टक्के मिश्रणात ऊर्जेची घट सहा-सात टक्क्यांच्या घरात जाते. अठराचे मायलेज सतरावर आले असेल तर ते मिश्रणाचे मानावे. अठराचे तेरा झाले असेल तर एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ऑक्सिजन सेन्सर, टायरमधील हवा आणि घासणारे ब्रेक यांच्याकडे वळावे. मायलेज मोजताना दोन वेळा टाकी काठोकाठ भरून मधले अंतर आणि लिटर यांचा भागाकार करावा. डॅशबोर्डवरील काट्यावर विसंबू नये.

वीस टक्के मिश्रणासाठी योग्य साहित्य वापरलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून बाजारात येऊ लागल्या. आपली गाडी त्याहून बरीच जुनी असल्याने तिच्या पेट्रोलच्या नळ्या, सील आणि इंजेक्टरचे रबर यांना फुगणे किंवा चिरा पडणे संभवते. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर नळ्या वाट न पाहता बदलाव्यात, कारण येथे धोका आगीचा आहे. शिवाय इथेनॉल पाणी धरते. निम्मी रिकामी टाकी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली तर तळाशी पाणीमिश्रित थर साचू शकतो आणि पंप तोच थर आधी ओढतो. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी.

प्रश्न : २०१४ सालची, कमी चाललेली गाडी बाजारभावाच्या खूप खाली मिळत आहे. पुरातली असेल अशी शंका येते. कसे ओळखावे?
(एक तरुण वाचक, फुलेवाडी)

उत्तर : पंचगंगेच्या ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत बुडालेल्या गाड्या अजून बाजारात फिरत असतात, त्यामुळे शंका योग्यच आहे. वरून धुऊन पॉलिश केलेल्या गाडीकडे पाहू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागात मातकट रेघ असेल तर पाणी कोठवर आले होते तेच कळते, कारण तो भाग धुण्याचे कोणाला सुचत नाही. नंतर स्टेपनीखालचा खळगा, सीटखालील स्प्रिंगा आणि खिळे, गालिच्याखालची वाळू आणि फ्यूजपेटीतील पितळी टोकांवरचा हिरवा गंज पाहावा. उन्हात काचा बंद करून तासभर ठेवलेल्या गाडीत शिरल्याबरोबर कुबट वास आला, किंवा अत्तराचा वास फारच जोरात आला, तर दोन्हींचा अर्थ एकच. विमा कंपनीकडे त्या वर्षी दावा झाला होता का, हेही विचारावे. बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते. वायरिंगचे दुखणे मात्र वर्षानुवर्षे दर पावसाळ्यात नव्याने उगवते. ही गाडी घेऊ नये, असे माझे मत आहे.

ज्यांची स्वतःची गाडी कधी पाण्यात सापडेल त्यांनी पाणी उतरल्यावर सेल्फ मारून पाहण्याचा मोह टाळावा. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढत नेऊन, प्लग काढून, तेल बदलून मगच ती फिरवावी.

प्रश्न : आमच्या गाडीला पुढच्या वर्षी पंधरा वर्षे पूर्ण होतील. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. मेकॅनिकने इंजिनाचे पूर्ण काम सांगितले आहे. ते करून नोंदणी वाढवून घ्यावी, की गाडी काढून टाकावी?
(एक गृहिणी, शाहूपुरी)

उत्तर : निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे, एवढे नक्की, पण ते कोठून शिरते यावर खर्च चार-पाच हजारांत भागेल की त्याच्या दसपट होईल, हे ठरते. सकाळी सुरू करताच एक भपकारा येऊन पुढे धूर नाहीसा होत असेल, किंवा जोतिबाचा उतार ॲक्सिलरेटर सोडून उतरल्यावर पायथ्याशी पुन्हा पाय देताच भपकारा येत असेल, तर व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील रबरी सील कडक झाले आहेत. पुष्कळ गाड्यांत ते हेड न उतरवता बदलता येतात. भार पडला की सतत धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. या दोहोंच्या आधी इंजिनातील वाफा परत हवेच्या वाटेत नेणारा छोटा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून पाहावा; तो चिकटला असेल तरीही गाडी ऑइल खाते आणि तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. सर्व सिलिंडरांत तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे असेल आणि एकमेकांत दर चौरस सेंटिमीटरला किलोभराहून अधिक फरक नसेल, तर इंजिन उघडण्याचे कारण नाही. एखाद्यात कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह. दर हजार किलोमीटरला किती ऑइल वर घालावे लागते हेही दोन महिने लिहून ठेवा. लिटरच्या आत असेल तर धूर डोळ्यांना खुपेल, पण इंजिन अजून काही वर्षे काढेल. मात्र फिटनेससाठी धुराची चाचणी द्यावी लागते, हे विसरू नये.

गाडी ठेवायची की नाही, हा निर्णय इंजिनावरून घेऊ नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. इंजिनाचे झिजलेले सिलिंडर उद्यमनगरात आतून कातून, म्हणजे बोअर करून मिळतात, गंजलेली बॉडी कोणी भरून देत नाही. गाडी रॅम्पवर चढवून दारांखालचे उंबरे, मागचे चाक जेथे बसते ती जागा आणि पुढच्या सस्पेन्शनच्या वरचा पत्रा नीट पाहा; गाडी वारंवार कोकणात जात असेल तर अधिकच बारकाईने. स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबल्यावर पत्र्यात शिरले, तर इंजिनावर रुपयाही न घालता गाडी काढून टाका. पत्रा टणक निघाला आणि कॉम्प्रेशन चांगले असले, तर सील बदलून घ्या आणि नोंदणी वाढवा. ती एका वेळी पाच वर्षांसाठी वाढते, तीबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो आणि मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. तेव्हा धुराचे काम त्यापूर्वी, शक्यतो पावसाळ्याआधीच, उरकून घ्यावे.